देवगडला जाऊन बाग बघावी म्हणतोय, नोकरी सोडू का?

वाकडकर_नावापुरता
मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. वय ३९, पुण्यात आयटीत, ऑफिस हिंजवडी, घर वाकड. हुद्दा डिलिव्हरी मॅनेजर, म्हणजे कोड लिहून जमाना झाला, आता दिवसभर दुसऱ्यांच्या टाइमशीट आणि संध्याकाळी सातनंतर क्लायंटचे कॉल, तो तिकडे जागा होतो तेव्हा नेमकं आपलं जेवायला बसायचं असतं. पगार चांगला आहे, ते नाकारत नाही. पण गेलं वर्षभर रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा यायला लागतो, डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत, बीपी तेवढं बॉर्डरला.

गावाला (देवगड तालुका) आमची हापूसची बाग आहे, साधारण दीडशे कलमं, निम्मी आजोबांच्या वेळची. वडील ७१ चे, त्यांना आता होत नाही म्हणून गेली काही वर्षं बाग व्यापाऱ्याला देऊन टाकतात, एकरकमी पैसे घ्यायचे, मग फवारणी राखण तोडणी सगळं तो बघतो. तो जे देतो आणि तोच आंबा पुण्यात ज्या भावाने विकला जातो ते बघून डोकं फिरतं. तर विचार असा की नोकरी सोडायची, बाग स्वतः करायची, पेट्या थेट पुण्या-मुंबईत ओळखीत विकायच्या, आणि घराला दोन खोल्या वाढवून होमस्टे. फ्लॅटचं कर्ज अजून ३४ लाख, ईएमआय ३९ हजार. मुलगी पाचवीत. पीएफ आहे, थोडे म्युच्युअल फंड. या कंपनीत पुढच्या ऑगस्टला पाच वर्षं होतील, नोटीस पिरियड ९० दिवस. कोणी असं केलंय का, खरं खरं सांगा. मनाचं ऐका वगैरे मेसेज व्हॉट्सॅपवर रोज येतात, ते नकोत.

पावटा_उसळ
सोडा हो बिनधास्त. आयुष्य एकदाच मिळतं, मनाचं ऐका.

झोपाळू_पुणेकर
@पावटा_उसळ शेवटची ओळ वाचायची राहिली वाटतं 😄

हिशेबी_काकू
मी बँकेतून रिटायर झालेय, मनाचं मला फार कळत नाही, कागदांचं सांगते.

एक, ग्रॅच्युइटी. पाच वर्षं पूर्ण होत असतील तर त्याआधी अजिबात हलू नका. शेवटचा बेसिक (डीए असेल तर तो धरून) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, असा हिशेब असतो. समजा बेसिक ७५ हजार आहे तर पाच वर्षांचे २ लाख १६ हजार होतात, कर्जाचे पाच हप्ते सुटतात त्यात. आणि नोटीसचे दिवस तुम्ही काम करून काढले तर ते नोकरीतच धरले जातात, म्हणजे राजीनामा आधी टाकता येतो, फक्त शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पुढे गेला पाहिजे. बऱ्याच जणांना कंपनी म्हणते नोटीस नको, उद्यापासून येऊ नका, आणि तिथेच माशी शिंकते, म्हणून दोन महिने हाताशी ठेवा.

दुसरं मेडिक्लेम. आईवडील कंपनीच्या पॉलिसीत असतील तर कंपनी सुटली की ते कव्हर गेलं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आजवर काढलेला वेटिंग पिरियड मोजला जातो, पण अर्ज कव्हर चालू असतानाच करायचा असतो, नंतर रडून उपयोग नाही. नव्याने पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात, आणि तुमचं बीपी बॉर्डरला आहे म्हणताय. वडिलांचं वय ७१ आहे ना, मग त्यांचं आयुष्मान कार्ड काढून टाका, ७० च्या वरच्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांचं कव्हर आहे. मात्र गावाजवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते बघून ठेवा, देवगडहून काही झालं तर कणकवली किंवा ओरोस गाठावं लागतं.

पीएफला हात लावू नका. तो तिथे राहू दे, फक्त नोकरी सुटल्यानंतर त्यावर जे व्याज जमा होतं त्यावर टॅक्स लागतो एवढं लक्षात ठेवा. आंब्याचं उत्पन्न शेतीचं म्हणून माफ आहे, होमस्टेचं नाही. लोक दोन्ही एकाच पिशवीत घालतात आणि मग नोटीस आली की माझ्यासारख्यांना फोन करतात.

फ्लॅट भाड्याने द्याल तेव्हा भाडं ईएमआयइतकं येईलच असं नाही, आणि सोसायटीचा मेंटेनन्स मालकाच्याच डोक्यावर.

फणसआळी
केलंय. राजापूर तालुका, आधी अंधेरीत मार्केटिंगमध्ये होतो. बाग तुमच्यापेक्षा थोडी लहान. मी परत जाणार नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून घाबरवतोय असं वाटायला नको.

तुम्ही व्यापाऱ्याचा भाव आणि पुण्याचा भाव यातला फरक बघताय, पण त्या दोन्हीच्या मध्ये जे वर्ष असतं ते बघत नाही. पाऊस सुरू झाला की खतं. जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहर आणणारं औषध) घालायचं की नाही यावर गावात दोन पक्ष, घातलं तर मोहर लवकर आणि दरवर्षी, पण खत-पाण्याची हयगय झाली तर झाड खंगतं, आणि व्यापाऱ्याने तुमच्या झाडांना किती वर्षं किती घातलंय ते तुम्हाला माहीत आहे का? हे आधी विचारा वडिलांना. मग थंडी. थंडी वेळेवर पडली तर मोहर, नाही तर नुसती पालवी. मोहर आला की तुडतुडे, आणि हल्ली थ्रिप्सने तर नको करून सोडलंय, फवारण्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात सहा आहेत पण प्रत्यक्षात किती होतात ते ज्याचं त्याला ठाऊक. औषधाचा खर्च, पंपाचं पेट्रोल, दोन माणसं, आणि आजोबांच्या वेळची झाडं म्हणजे उंच, शेंड्यापर्यंत फवारा पोचवणं हेच एक काम. फळ वाटाण्याएवढं धरलं की पुन्हा थंडीची लाट येते, झाडाला परत मोहर फुटतो आणि आधीचं धरलेलं फळ गळून जातं. पुनर्मोहर म्हणतात त्याला. सकाळी झाडाखाली गेलं की खाली सडा पडलेला असतो आणि आपण काही करू शकत नाही.

राखणीला नेपाळी माणूस, त्याचा पगार, त्याची खोली, वर माकडं. तोडणी झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठ ठेवून, चीक फळावर ओघळला की डाग पडतो. मग आढी लावायची, निवड करायची, पेट्या भरायच्या, आणि एवढं करून गिऱ्हाईकाने आंबा कापला की आत साका, म्हणजे गर पांढरट, स्पंजासारखा. बाहेरून कळत नाही हो साका, हापूसचा जन्माचा रोग आहे तो. दापोलीने 'रत्ना' म्हणून जात काढली १९८१ ला, तिच्यात साका होत नाही, पण गिऱ्हाईक हापूसच मागतं. मग फोटो येतात व्हॉट्सॅपवर, डझनातले तीन खराब निघाले, पैसे परत. ओळखीत विकायचं म्हणताय ना, ओळखीतलेच जास्त फोटो पाठवतात.

आणि मुख्य म्हणजे पैसे वर्षातून एकदा. तुम्हाला एक तारखेची सवय आहे. माझा मार्च ते मे पैसा येतो आणि जून ते फेब्रुवारी नुसता जातो, आणि हापूस एक वर्षाआड धरतो म्हणून एखादं साल कोरडंच. हे पचायला मला आंब्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्यामुळे ईएमआय डोक्यावर ठेवून हे करू नका, एक तर फ्लॅट विका नाही तर कर्ज निम्म्यावर आणा.

माझं ऐकाल तर येत्या सीझनला नोकरीत राहूनच चाळीस कलमं व्यापाऱ्याकडून काढून घ्या, बाकीची त्याच्याकडे राहू दे. तो कुरकुर करेल, भाव पाडेल, पाडू दे. जानेवारी ते मे वर्क फ्रॉम होम मागा किंवा बिनपगारी रजा. वर्षाचा हिशेब वहीत लिहा, स्वतःच्या मजुरीसकट.

पडेल_तिठो
मे म्हयन्यात येतत त्यांका सगळाच बरा दिसता. जुलैत येवन ऱ्हव बाबा, लाइट गेली की दोन दोन दिस येणा नाय, रेंज पण जाता. पण ता जावदे. पयला सांग, सातबाऱ्यार नावा कोणाकोणाची आसत? चुलते, आत्ये? आत्तापर्यंत कोण काय बोलला नाय कारण बाग व्यापाऱ्याकडे होती आणि पैशे वाटून मिळत होते. तू येवन स्वतः करूक लागलंस काय सगळ्यांका आपलो हिस्सो आठवतलो, मुंबैच्या आत्येक धरून. आमच्या वाडीत हेच्यावरना दोन घरा कोर्टात आसत.

हिशेबी_काकू
@पडेल_तिठो अगदी. हे मी लिहायला हवं होतं. दोन खोल्या वाढवायच्या आधी वाटप नोंदवून घ्या, ज्यांना नको असेल त्यांचं रजिस्टर हक्कसोडपत्र. तोंडी "तूच बघ रे बाबा सगळं" याला काही किंमत नाही, आणि सामाईक जमिनीवर बँक कर्ज देताना सगळ्यांच्या सह्या मागते.

अनामिका_ठाणे
सगळे आंब्यावर बोलतायत. मला एक विचारायचंय, तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये मुलीची इयत्ता आहे, वडिलांचं वय आहे, कलमांची संख्या आहे, बायको कुठे आहे?

विचारते कारण मी ती बायको आहे. नवऱ्याने नोकरी सोडली, त्याला जे करायचं होतं ते करतोय (शेती नाही, दुसरं काहीतरी, इथे नको), खूश आहे, तब्येत सुधारली, चिडचिड गेली, हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा आनंदही आहे. पण घरात एक पगार उरला की तो पगार असणाऱ्या माणसाला राजीनाम्याचा विचारसुद्धा करता येत नाही. माझाही मॅनेजर नग आहे, माझ्याही पोटात रविवारी गोळा येतो, फरक एवढाच की आता मी तो कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की त्याला अपराधी वाटतं. आणि बाहेर सगळे त्यालाच म्हणतात, काय हिंमत केलीस!

सोडू नका असं म्हणत नाही. पण तिचा पगार चालू राहणार हे गृहीत धरलं असेल तर किती वर्षं, आणि नंतर तिची पाळी कधी, हे ठरवून घ्या. आणि ती गावाला येणार असेल तर होमस्टेत नाश्ता कोण करणार हेही.

झोपाळू_पुणेकर
बाप रे. अनामिका यांचं वाचून मी माझा ड्राफ्ट डिलीट केला.

वाकडकर_नावापुरता
सगळ्यांचे आभार. अनामिका, काय बोलू. बायको खाजगी शाळेत शिक्षिका आहे, पगार माझ्या चौथ्या हिश्शाइतका, आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात ती पुण्यातच राहणार आणि मी येऊन-जाऊन असं चित्र होतं. काल हा धागा तिला वाचायला दिला. ती म्हणाली नाश्त्याचा प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा नंबर दे 🙂 बाकी जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण झालं, रात्री दीडपर्यंत. होमस्टे सध्या रद्द.

सातबारा ऑनलाइन काढला. वडील, दोन काका (एक वारले, त्यांच्या मुलांची वारस नोंद झालेलीच नाही), दोन आत्या. पडेल_तिठो, तुमच्या तोंडात साखर पडो असं म्हणवत नाही. गणपतीत सगळे येतात तेव्हा विषय काढायचा ठरलंय, वडील आत्ताच म्हणतायत की कशाला काढतोस.

ऑगस्टपर्यंत कुठे जात नाही हे नक्की. चाळीस कलमांसाठी व्यापाऱ्याला फोन केला, तो तीस म्हणाला आणि ती पण रस्त्यापासून लांबची. @फणसआळी, कल्टारचं वडिलांना विचारलं, त्यांना काहीच माहीत नाही, व्यापारी म्हणतो "थोडंसं घातलंय". हे झाड बघून कळतं का?

फणसआळी
थोडाफार अंदाज येतो. पालवी आखूड आणि गुच्छासारखी दाट येत असेल, दोन पानांमधलं अंतर कमी झालं असेल तर बरंच घातलंय समजा. शेंड्याकडच्या फांद्यांचे जवळून फोटो टाका. आणि तीस तर तीस, पण कुठली तीस हे जाऊन स्वतः खुणा करून या, फोनवर ठरवू नका.