अनुभव धागा : दुसऱ्याच्या कन्सोलवर आपला गेम

निन्टेंडो या जपानी कंपनीच्या कन्सोलवर (गेम खेळण्याच्या यंत्रावर) तिचे स्वतःचे गेम कोट्यवधींनी खपतात आणि बाहेरच्या कंपन्यांचे, काही अपवाद वगळता, मागे पडतात; बाहेरच्यांचे कौशल्यच कमी पडते, असे काही जण म्हणतात. मुंबईत ज्यांनी असे गेम बनवले, विकले वा खेळले आहेत, त्यांनी आपापला अनुभव लिहावा, ही विनंती.

अंधेरीतील प्रोग्रॅमर : आमच्याकडे पोर्टिंगचे काम येते, म्हणजे इतर यंत्रांसाठी तयार झालेला गेम निन्टेंडोच्या ‘स्विच’ या कन्सोलवर चालता करणे. सोनीच्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलमध्ये ८ जीबी रॅम होती, तर २०१७ च्या स्विचमध्ये ४ जीबी. त्यामुळे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रे) लहान करणे, सावल्या काढणे, सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेमवर (चित्रांवर) समाधान मानणे यातच महिने जातात आणि गेम बाजारात येतो तेव्हा त्याची चर्चा ओसरलेली असते. निन्टेंडोचे स्वतःचे गेम मात्र त्या यंत्राच्या मर्यादा धरूनच पहिल्यापासून आखले जातात. बाहेरच्यांचे कौशल्य कमी पडते, हे मत मला मान्य नाही.

गिरगावातील जुना खेळाडू : हे दुखणे जुने आहे. निन्टेंडोच्या एनईएस या जुन्या कन्सोलच्या काळात अमेरिकेत परवानाधारक कंपनीला वर्षाला पाचच गेम काढता येत; कार्ट्रिज (आमच्या चाळीतली ‘कॅसेट’) निन्टेंडोच बनवून देई आणि माल पडून राहिल्यास तोटा बाहेरच्याचा होई. १९९६ च्या निन्टेंडो ६४ या कन्सोललाही त्यांनी कार्ट्रिजच ठेवले. त्यात जास्तीत जास्त ६४ एमबी मावत, तर सीडीत सुमारे ६५० एमबी. म्हणूनच स्क्वेअर या जपानी गेम कंपनीने १९९७ चा ‘फायनल फँटसी ७’ प्लेस्टेशनवर नेला.

हाजी अलीजवळील दुकानदार : आयात केलेल्या स्विचसोबत गिऱ्हाईक मारिओ किंवा झेल्डा हे निन्टेंडोचे स्वतःचे गेमच मागते. त्यांचे भाव वर्षानुवर्षे फारसे उतरत नाहीत, म्हणून वापरलेले कार्ट्रिजही मी निःशंकपणे परत घेतो. बाहेरचे मोठे गेम ज्यांना हवे असतात, त्यांच्या घरी बहुधा दुसरा कन्सोल आधीच असतो.

गोरेगावातील स्वतंत्र डेव्हलपर : छोट्या गेमचे गणित वेगळे आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवरचा छोटा गेम २०१७ मध्ये स्विचवर सर्वाधिक डाउनलोड झालेला गेम ठरला, कारण त्या वेळी तेथील ऑनलाइन दुकानात गर्दी कमी होती आणि हातात धरून खेळण्यास तो अगदी योग्य होता. आमचा कोडे-गेम एका कन्सोलच्या दुकानात आला तेव्हा मात्र ‘नवीन’ या यादीतून तो काही दिवसांतच खाली गेला आणि त्यानंतर सवलत दिल्याशिवाय कोणाच्या नजरेस पडेना.