मदत हवी आहे: जाळ्यात सापडलेल्या कासवांविषयी मच्छीमारांसाठी मराठी साहित्य

सप्रेम नमस्कार. पावसाळी मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्याला लागलेल्या असताना, दापोली तालुक्यातील आमच्या बंदरावर तांडेल आणि खलाशी यांच्यासाठी सागरी जीव संरक्षणाच्या बैठका घेण्याचे आम्ही ठरवले आहे. संरक्षित जीव सोडवताना जाळे कापावे लागल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देणारी राज्य शासनाची योजना २०१८ पासून आहे, पण आमच्याकडे ती अनेकांच्या कानावरही आलेली नाही. त्याहूनही तळमळीने सांगायचे आहे ते हे, की बराच वेळ पाण्याखाली अडकलेले कासव निपचित पडले म्हणजे ते मेलेच असे नसते. सावलीत पोटावर ठेवून, मागची बाजू वीतभर उंच करून, पाठीवर ओले फडके टाकले, तर काही तासांनी ते पुन्हा हालचाल करू शकते. हे प्रत्यक्ष होडीवर करून दाखवणारी मराठी चित्रफीत किंवा भित्तिपत्रक कोणाकडे आहे का? शाळेतील मुलांसाठीचे साहित्य आमच्याकडे पुरेसे आहे. ही भरपाई स्वतः मिळवलेले एखादे मच्छीमार बोलायला आले तर फारच उत्तम, कारण बंदरावर आपल्यातल्या माणसाचा शब्द अधिक मानला जातो. त्यांचा प्रवासखर्च आणि मुक्कामाची सोय आम्ही करू.