आवाळू काढून घेतलेल्यांचे अनुभव

गेल्या वर्षी माझ्या पाठीवरची गाठ शस्त्रक्रियेने काढली. त्याआधी, ज्याने हे स्वतः करून घेतले आहे अशा कोणाशी तरी बोलावे असे फार वाटत होते. पण ज्याला विचारावे त्याच्याकडे सल्ला असे, अनुभव नसे. म्हणून माझी हकिगत आधी लिहितो आणि आपणही आपापली लिहावी अशी विनंती करतो. डॉक्टरांची व रुग्णालयांची नावे कृपया टाळावीत.

माझ्या डाव्या खवाट्यापाशी नऊ वर्षे वाटाण्याएवढी गाठ होती. ती दुखत नसे. तिच्या मधोमध एक काळा ठिपका होता आणि दाबले की त्यातून खव्यासारखा पिवळट, कुबट वासाचा पदार्थ बाहेर येई. हे लिहिताना संकोच वाटतो, पण पत्नीला ती दाबायला लावण्यात एक विचित्र समाधान मिळत असे आणि पुढचा सारा त्रास बहुधा त्याच समाधानातून आला. मे महिन्यात ती लिंबाएवढी फुगली, लाल झाली आणि रात्रभर ठसठसू लागली. ठाण्याहून दादरला जाताना गाडीत कोणाची तरी सॅक पाठीला घासली, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी कार्यालयात न जाता परत फिरलो.

नौपाड्यातल्या सर्जनांनी सांगितले की आत पू झाला आहे, त्यामुळे आज फक्त चीर देऊन तो काढता येईल. गाठीची पिशवी सुजून इतकी नाजूक झाली आहे की आता काढायला गेले तर ती फाटेल आणि तिचे तुकडे आत राहतील. पू झालेल्या जागी भूलही नीट चढत नाही, ही माहिती मला चीर देताना प्रत्यक्ष मिळाली. पुढे दहा दिवस रोज जखमेत गॉजची पट्टी भरून घ्यावी लागली. मूळ शस्त्रक्रियेपेक्षा हे दहा दिवस कितीतरी अधिक कठीण होते.

सहा आठवड्यांनी सूज पूर्ण उतरल्यावर गाठ काढली. पालथे झोपवून भुलेची सुई दिली, ती काही क्षण चांगलीच चुरचुरली. नंतर फक्त ओढल्या-ढकलल्यासारखे जाणवत होते. काळा ठिपका मध्ये धरून पानाच्या आकाराचा छेद घेतला, कारण तो ठिपका म्हणजे पिशवीचे तोंड असते आणि त्वचेचा तेवढा भाग पिशवीबरोबरच निघावा लागतो. त्यामुळे गाठ दोन सेंटीमीटरची आणि व्रण चार सेंटीमीटरचा, असा हिशेब झाला. पाठीची कातडी प्रत्येक हालचालीत ताणली जात असल्यामुळे टाके बाराव्या दिवशी काढले. तपासणीचा अहवाल ‘एपिडर्मॉइड सिस्ट’ असा आला. चिठ्ठीवर मात्र ‘सेबेशियस सिस्ट’ लिहिले होते, म्हणून विचारले, तेव्हा कळले की ते जुने, प्रचारातले नाव आहे आणि तैलग्रंथींशी या गाठीचा संबंध नसतो. त्वचेच्या वरच्या थराच्या पेशी खाली अडकून त्यांची पिशवी बनते आणि तिच्यात केराटिन, म्हणजे ज्यापासून नखे आणि केस बनतात ते प्रथिन, साचत राहते. आपण सरसकट जिला ‘चरबीची गाठ’ म्हणतो ती लायपोमा निराळी. ती मऊ असते, बोटाखालून सरकते आणि तिला ठिपका नसतो.

ऐरोलीहून

माझ्या आईला डोक्यावर दोन गाठी होत्या, मावशीला तीन, आणि मला चाळिशीत पहिली आली. डोक्यावरच्या अशा गाठी बहुतेक वेळा केसांच्या मुळाच्या आवरणापासून होतात आणि पुष्कळदा घराण्यात चालत येतात, असे डॉक्टरांनी सांगितले. आमच्याकडे तर ती स्त्रीधनासारखीच आली आहे. फणी लागून दर आठवड्याला रक्त येऊ लागले, तेव्हा काढून घेतली. सगळे केस काढतील या भीतीने मी वर्षभर टाळले होते. प्रत्यक्षात नाण्याएवढी जागा साफ केली. गाठ उकडलेल्या वालासारखी पांढरी, गुळगुळीत आणि अखंड निघाली. रक्त मात्र बरेच वाहिले, कारण डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, याची कल्पना आधी दिली असती तर मानेवर ओघळ आल्यावर मी इतकी घाबरले नसते. टाके आठव्या दिवशी निघाले.

कोपरखैरणे

माझे यजमान वाशीच्या बाजार समितीत गोणी वाहण्याचे काम करतात. त्यांची गाठ मानेच्या मागे, नेमकी गोणी टेकते तिथे होती आणि ती दोनदा पिकली. शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत साखर २८० निघाली. आम्हाला मधुमेहाचा पत्ताच नव्हता. साखर आटोक्यात येईपर्यंत दोन महिने थांबावे लागले. शस्त्रक्रिया अर्ध्या तासात झाली, पण वजन उचलायला तीन आठवडे बंदी होती आणि त्या दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच. ‘छोटीशी शस्त्रक्रिया’ असे सांगताना हा खर्च कोणी धरत नाही.

नेरूळ

माझी गाठ कानामागे होती. एका लहान दवाखान्यात छोटे भोक पाडून आतले सगळे काढले, एकही टाका न घालता पट्टी लावून घरी पाठवले, आणि मी खूश झालो. वर्षभरात ती त्याच जागी परत आली, कारण पिशवी आतच राहिली होती. छोट्या छेदातूनही पिशवी काढता येते, हे मला नंतर कळले. माझ्या बाबतीत ती काढलीच नव्हती. दुसऱ्या वेळी आधीच्या व्रणाला सगळे चिकटलेले असल्यामुळे सर्जनांना तासभर लागला. ‘गाठीचे कव्हर पूर्ण निघाले का?’ हा प्रश्न मी पहिल्याच वेळी विचारायला हवा होता.

घोडबंदर रस्ता

आमच्या मुलीच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला जन्मापासून छोटी, टणक गाठ होती. वरच्या लेखनातल्या गाठींपेक्षा ही वेगळी. तिला डर्मॉइड म्हणतात, आणि गर्भात चेहऱ्याचे भाग जुळताना त्वचा आत अडकल्याने ती होते. ती बरेचदा हाडाला चिकटलेली असते, म्हणून आधी स्कॅन केला. मूल लहान असल्याने पूर्ण भूल द्यावी लागली आणि पहाटेपासून तिला उपाशी ठेवणे हाच आमच्यासाठी सर्वांत अवघड भाग ठरला. छेद भुवईच्या कडेने घेतल्यामुळे आता व्रण शोधावा लागतो.

चरई

माझे वय ७४ आहे. दंडावर तीस वर्षे आवाळू आहे, वाढत नाही, दुखत नाही. डॉक्टरांनी तपासून, हवे असल्यास काढू, नाहीतर राहू दे, असे सांगितले. मी राहू दिले आहे. नात अधूनमधून दाबायला येते, तिला हात लावू देत नाही.

नौपाड्यातून पुन्हा

नेरूळच्या गृहस्थांनी खासगीत विम्याबद्दल विचारले, त्याचे उत्तर इथेच देतो. माझी शस्त्रक्रिया भरती न होता बाह्यरुग्ण विभागात झाल्यामुळे दावा नाकारला गेला, आणि गाठीच्या तपासणीचे पैसे वेगळे द्यावे लागले. तेव्हा आपल्या पॉलिसीत काय बसते ते आधी लेखी विचारून घ्यावे. आंघोळीचे म्हणाल तर दोन दिवसांनी पट्टी बदलल्यावर परवानगी मिळाली. टाके निघाल्यावरही महिनाभर सॅक पाठीला लावली नाही. ती पोटाशी धरूनच गाडीत चढत होतो आणि अजूनही तशीच चढतो.