‘हेरिटेबिलिटी’ला मराठीत काय म्हणता?

वाटसरू: एका लेखाचं भाषांतर करतोय, सामाजिक कीटकांच्या पंखांवर जनुकांचा प्रभाव किती, यावर. वाक्य असं: मधमाशीच्या पंखाच्या आकाराची हेरिटेबिलिटी लांबीरुंदीपेक्षा जास्त. मी ‘आनुवंशिकता’ लिहिलं, संपादकांनी खोडलं. म्हणे, तो हेरेडिटीचा शब्द.

निंबोणी: बरोबर खोडलं. हेरिटेबिलिटी हे प्रमाण आहे, ० ते १. समूहातल्या फरकांपैकी कितीला जनुकं कारण, एवढंच ती सांगते. मुंगीचंच घ्या ना. राणीला पंख, कामकरी मुंगीला नाहीत. पण बहुतेक जातींत कोण काय होणार हे अळीपणीच्या पोषणावर ठरतं. पंखांची जनुकं दोघींतही असतात. अबुहैफ आणि रे या संशोधकांनी २००२ साली दाखवलं की एकामागून एक चालू होऊन पंख घडवणाऱ्या या जनुकांची साखळी कामकऱ्यांत मध्येच तुटते, आणि वेगवेगळ्या जातींत वेगवेगळ्या कडीशी. म्हणजे पंख आनुवंशिक, पण राणी-कामकरी फरकात जनुकांचा वाटा फारसा नाही. म्हणून ‘आनुवंशिक वाटा’ म्हणा.

खडीसाखर: ‘वाटा’ म्हणजे भाऊबंदकी वाटते हो. ‘अनुवंशक्षमता’ काय वाईट?

वाटसरू: उच्चारून बघा एकदा.

पाणकोंबडा: त्याआधी ‘आकार’ निस्तरा. ‘मोठ्या आकाराचा पंख’ आणि ‘गोल आकाराचा पंख’, दोन्हीकडे तोच शब्द. शेप आणि साइझ वेगळे कसे कळणार?

निंबोणी: साइझला आकारमान. मोजणारे पंखावरच्या शिरा जिथे मिळतात ते बिंदू घेतात, सगळे पंख एका मापाला आणतात. मग उरतो तो आकार.

पाणकोंबडा: ‘आकारमान’ आम्ही शाळेत व्हॉल्यूमला शिकलो.

खडीसाखर: ते घनफळ.

पाणकोंबडा: घनफळ गणितात, आकारमान विज्ञानात. पुस्तक काढून बघा.

जुनाट: शुद्धच हवं तर ‘वंश’ म्हणजे बांबू, पेरावर पेर चढतं म्हणून कूळ. ‘घर फिरलं की वासे फिरतात’ यातला वासाही त्यातलाच. आणि नर मधमाशी निघते अफलित अंड्यातून, तिला बापच नाही. तिचा वंश कुठून धरायचा?

निंबोणी: आईकडून! आणि ‘तिला’ काय? नर आहे तो.

जुनाट: माशी स्त्रीलिंगी.

खडीसाखर: मग ‘नर माशी आला’ म्हणायचं की ‘आली’?

वाटसरू: मंडळी, हेरिटेबिलिटी…

पाणकोंबडा: ‘आली’च. पण त्या ‘शिरा’ खटकतात मला. शीर म्हटलं की रक्त हवं.

निंबोणी: पानाच्या शिरांत कुठे असतं?