सा-प-सा-प लावलेलं व्हायोलिन घेऊन ओल्ड-टाइम जॅममध्ये गेले. आता काय सोडू, काय ठेवू?

मिरजेची_तार:

नमस्कार मंडळी. मी मूळची मिरजेची. सातव्या वर्षापासून बारा वर्षं व्हायोलिन शिकले, हिंदुस्थानी पद्धतीनं: जमिनीवर मांडी आणि व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवलेलं. गुरुजींचा आग्रह एकच, वाद्य गायलं पाहिजे. गज लांब, श्वास तुटता कामा नये.

गेली आठ वर्षं नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमला राहते. नोकरी आणि लेक यांच्या धबडग्यात व्हायोलिन पेटीतच राहिलं होतं. या हिवाळ्यात एका संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी भूप वाजवत बसले होते. शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दार वाजवून विचारलं, आमच्या गुरुवारच्या जॅमला येतेस का? त्या गिटार वाजवतात. तोवर मला वाटायचं की अमेरिकन लोकसंगीत म्हणजे ब्लूग्रास. त्यांनी वाटेतच सांगितलं की ब्लूग्रास १९४०च्या दशकात बिल मन्रो आणि मंडळींनी घडवलं, त्यात एकेकाची पाळी येते आणि तो आपली करामत दाखवतो. ओल्ड-टाइम त्याच्या आधीचं. त्यात पाळी नसते, सगळे मिळून एकच चाल वाजवतात.

आणि तसंच होतं. खुर्च्यांचं कडं, दोन फिडल (लोकसंगीतात व्हायोलिनला इथं हेच म्हणतात), एक बँजो, दोन गिटार, एक उभा बास. पुढ्यात कागद नाही. चालीचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. एकच चाल बारा-पंधरा वेळा. तिसऱ्या फेरीला सरगम माझ्या बोटांत आली होती. मग पुढची चाल ए सुरातली, म्हणून म्होरक्या फिडलवाल्यानं खालच्या दोन तारा चढवल्या आणि चारही तारा छेडल्या: ए, ई, ए, ई. मी चमकलेच. सा-प-सा-प! डोळे भरून आले, खोटं सांगत नाही. मिरजेतल्या त्या खोलीत आम्ही रोज हेच लावायचो.

पुढं मात्र बिनसलं. पाचव्या-सहाव्या फेरीला मला राहवेना. एक मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेले, एक छोटी तान टाकली, शेवटचा पंचम लांबवला. कुणी काही बोललं नाही. उठताना बँजोवाले आजोबा फार मायेनं म्हणाले, "तुमचा हात सुरेख आहे. पण तुमचा पाय कुठं पडतोय ते आम्हाला ऐकू आलं नाही."

ते वाक्य तीन आठवडे डोक्यातून जात नाहीये. मी त्यांच्या बरोबर वाजवत नव्हते, त्यांच्या वर वाजवत होते, एवढं कळलं. पण उपाय कळत नाही. मींड पूर्ण सोडायची का? काही चालींत गंधार ना शुद्ध ना कोमल असा लागतो, तो चुकून की मुद्दाम? आणि मी जमिनीवर बसून वाजवलं तर चालतं का, कारण मला दुसरं येतच नाही? इथं कुणी ओल्ड-टाइम वाजवत असेल तर कृपया सविस्तर सांगा. मला तिथं पुन्हा जायचंय.

खर्ज:

ताई, मी व्हर्जिनियात ब्लॅक्सबर्गला असतो, पंधरा वर्षं बँजो वाजवतो, त्याआधी पुण्यात सतार शिकलो. तुमचा प्रश्न वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं.

आजोबा फार नेमकं बोलले. हे नाचाचं संगीत आहे. लाकडी फळ्यांवर बूट आपटत नाचणाऱ्यांसाठी ते घडलं. गिटार फार उशिरा आली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, टपालानं मागवता यायला लागल्यावर. त्याआधी बहुतेक ठिकाणी एक फिडल आणि एक बँजो. तबला नाही, ढोलकी नाही. ठेका कोण धरणार? फिडलवाल्याचा गजच. तुमचा डावा हात तयार आहे. पुढचे सहा महिने त्याला विश्रांती द्या आणि सगळं लक्ष उजव्या हातावर ठेवा.

सतारीचा बोल आठवा: दा दिर, दा दिर. एक लांब, दोन आखूड. फिडलचा सगळ्यात साधा गज, ज्याला इथं शफल म्हणतात, तो हाच. बँजोवर क्लॉहॅमर पद्धतीनं वाजवतात तेव्हाही हाच: नखाच्या पाठीनं तारेवर खाली आघात, मग पुन्हा खाली, आणि लगेच अंगठा पाचव्या तारेवर. ती पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी मानेच्या बाजूला, पाचव्या पडद्याशी. तिचं काम सतारीच्या चिकारीचं, म्हणजे मधून मधून छेडून सा धरून ठेवणाऱ्या बाजूच्या तारांचं. मला बँजो लवकर जवळचा वाटला तो या चिकारीमुळं.

रोज वीस मिनिटं डाव्या हाताची बोटं तारांवर न ठेवता, दोन मोकळ्या तारांवर दा-दिर घासा. गजाचा वीतभर भाग पुरे. वजन 'दा'वर देऊ नका, 'दिर'च्या पहिल्या घावावर द्या. आपण समेवर झुकतो, इथं झोक उलटा आहे. चाल वाजवताना शेजारची तार सोबत वाजू द्या. ती लागली म्हणून दचकू नका, तोच तुमचा तानपुरा.

गंधाराबद्दल तुमचा कान बरोबर आहे, तो मुद्दामच. टॉमी जॅरेल (१९०१ ते १९८५) ऐका. नॉर्थ कॅरोलिनातल्या माउंट एअरीजवळच्या राउंड पीक भागातले, आयुष्यभर सरकारी रस्ते खात्यात ग्रेडर चालवला, निवृत्तीनंतर शिकायला येणाऱ्या पोरांना घर उघडं ठेवलं. त्यांचं फिडल आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यांचा गंधार दोन्हींच्या मध्ये बसतो, आणि स्वराकडं ते खालून घसरत येतात. म्हणजे मींड आहेच, फक्त चिमूटभर. ठेक्याला धक्का न लावता जेवढी मावते तेवढी घ्या.

आता बसण्याचं. जमिनीवर बसलात तर कुणी नाक मुरडणार नाही. जुने फिडलवाले हनुवटीखाली धरायचेच असं नाही, कित्येक जण छातीवर टेकवायचे. पण ताई, विचार करा: मांडी घातली की तुमचा उजवा पाय व्हायोलिन सांभाळण्यात अडकतो. तो आपटणार कसा? आजोबांना ऐकू आला नाही तो पाय खरोखरच बांधलेला होता. खुर्ची घ्या, वाद्य छातीशी धरा, टाच जमिनीवर वाजू द्या. सुरुवातीला आवाज पातळ येईल. येऊ दे.

एक गोष्ट तुम्ही डरहॅमच्या म्हणून सांगतो. ॲलन जाबूर तुमच्याच गावात ड्यूक विद्यापीठात शिकत होते, पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिनमध्ये तयार झालेले. १९६६-६७ साली ते व्हर्जिनियातल्या ग्लेन लिन गावी हेन्री रीड नावाच्या म्हाताऱ्या फिडलवाल्याकडं जात राहिले, ध्वनिमुद्रणं केली, आणि त्यांच्याकडून गज नव्यानं शिकले. ती १८४ ध्वनिमुद्रणं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. गज कुठं उलटतो याच्या खुणांसकट स्वरलिपीही आहे. ग्लेन लिन माझ्यापासून तासाभरावर. मी तिथल्या पुलावर उभं राहून ती मुद्रणं ऐकली आहेत.

ओसरी:

वरचं सगळं मोलाचं आहे, पण एक नाव राहिलं आणि ते तुमच्यापासून अर्ध्या तासावरचं आहे. मेबेन गावचे जो थॉम्पसन (१९१८ ते २०१२). फर्निचरच्या कारखान्यात नोकरी, आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं फिडल. चुलतभाऊ ओडेल बँजो वाजवायचे.

हे आवर्जून लिहिते, कारण आपल्या लोकांना वाटतं की हे डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांचं संगीत. बँजो गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचा. भोपळ्यावर कातडं ताणून केलेली वाद्यं त्यांनीच या किनाऱ्यांवर घडवली. फिडल आणि बँजो एकत्र वाजवणारे कृष्णवर्णीय वादक दक्षिणेत गावोगाव होते. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी बाजार वर्णानुसार वाटला: गोऱ्यांसाठी 'हिलबिली', काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्स', आणि दुसऱ्या यादीत ब्लूज. त्यामुळं अशा ताफ्यांची मुद्रणं फार थोडी झाली, आणि पुढच्या पिढ्यांना वाटलं की ते नव्हतेच.

२००५ साली बून इथं कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळा भरला. तिथं भेटलेली तीन तरुण मुलं, रिॲनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन, पुढं दर गुरुवारी संध्याकाळी जो थॉम्पसन यांच्या घरी जाऊ लागली. शिकवणी म्हणजे समोर बसून त्यांच्याबरोबर वाजवणं. तेव्हा थॉम्पसन ८६ वर्षांचे होते. या मुलांच्या कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स या ताफ्याला पुढं ग्रॅमी मिळालं, गिडन्सना २०२३ साली संगीताचं पुलित्झर. गिडन्स आणि रॉबिन्सन यांनी पुन्हा एकत्र येऊन उघड्यावर, किड्यांच्या किरकिरीसकट मुद्रित केलेला जुन्या चालींचा नवा संग्रह २०२५मध्ये प्रसिद्ध केला. तो ऐका, पण आधी जो थॉम्पसन ऐका. त्यांचा गज खरखरीत आणि ठाम आहे. तुमचाही जॅम गुरुवारीच असतो हे वाचून मला फार बरं वाटलं.

लालबाग_पथक:

मध्येच विचारतो. आम्ही गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो वाजवतो, बटणं दाबून, ॲम्प्लिफायरला जोडून. तोच हा का?

खर्ज:

नाही दादा, नाव तेवढं सारखं. तुमचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, जपानी तैशोगोतोवरून आपल्याकडं आलेला. हा बँजो गोल चौकटीवर कातडं ताणलेला, लांब मानेचा, पाच तारांचा. आपल्याकडचं जवळचं नातं शोधायचं तर तुणतुणं बघा: ताणलेलं कातडं आणि एकाच सुरावर न थकता धरलेला ठेका. शाहिरामागं उभा राहून तुणतुणेवाला जे करतो, ते आमची पाचवी तार करते.

तंबू_आणि_तारा:

ताई, उन्हाळ्यात तंबू घेऊन वेस्ट व्हर्जिनियात क्लिफटॉपला या. जुलै संपता संपता, १९९०पासून भरतो हा मेळा. जागा कॅम्प वॉशिंग्टन-कार्व्हर, १९४२मध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या शिबिरासाठी उभारलेली. स्पर्धा असतात, पण खरी मजा रात्री तंबूंच्या गल्ल्यांत. पाऊस हमखास येतो, रबरी बूट आणा. एकच रीत पाळा: कड्याबाहेर उभं राहून एक चाल पूर्ण ऐका, मग विचारून बसा. आधीच बँजो असेल तर दुसरा बँजो शिरत नाही. फिडल एकापेक्षा जास्त चालतात, म्हणून तुम्ही नशीबवान. जवळचं हवं असेल तर जूनच्या सुरुवातीला शुक्रवार-शनिवारी माउंट एअरीचा मेळा, डरहॅमहून दोन तास. येताना गाडीत ७४० एएम लावा, डब्ल्यूपीएक्यू. १९४८पासून शनिवारी थेट वादन ऐकवतात.

मिरजेची_तार:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय, कारण काही केल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

खर्जदादा, पायाचं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीत बसले. छातीशी धरलं तर व्हायोलिन घसरायला लागलं. शेवटी दुपट्ट्याची घडी खाली ठेवली, तेव्हा टिकलं. पहिले दहा दिवस फक्त दा-दिर. लेक कंटाळून म्हणाली, आई, दुसरं काहीतरी वाजव ना. अकराव्या दिवशी तीच भांडी लावताना त्यावर पाय आपटत होती. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

ओसरीताई, जो थॉम्पसन रोज गाडीत ऐकतेय. एका रविवारी मेबेनला जाऊन आले. काही पाहायचं नव्हतं, रस्त्यानं नुसती हिंडले. गुरुजींची आठवण आली. त्यांच्या घरीही आम्ही समोर बसून बरोबर वाजवायचो, ते समजावून फारसं सांगायचे नाहीत. बारा वर्षांत शब्दांनी सांगितलेलं मोजकंच आठवतं.

परवाच्या गुरुवारी पुन्हा गेले. तासभर एकच गज, तान नाही, पंचम लांबवणं नाही. पुन्हा ए सूर आला, खालच्या तारा चढल्या. आठव्या का नवव्या फेरीला असं झालं की माझा आवाज मला वेगळा ऐकू येईना. मी घाबरून थांबले, वाटलं तार उतरली. बँजोवाल्या आजोबांनी वाजवता वाजवता मानेनंच खूण केली: थांबू नकोस. मी पुन्हा शिरले. फिडलवाल्यानं संपवायची खूण म्हणून पाय उचलला, चाल संपली.

आजोबा काही बोलले नाहीत. पुढच्या चालीला त्यांनी आपली खुर्ची माझ्या उजव्या हाताला सरकवून घेतली.

माउंट एअरीला येतेय. तंबू नाहीये, कुणाकडं जादा असेल तर सांगा. लेकही येणार आहे, तिला नाचायचंय.