टोंगळा, वाटी, गादी : नेमकं काय दुखतंय?

विचारणा

माहेर कोकणात, आम्ही ढोपर म्हणायचो. लग्न होऊन नागपूरला आले तर सासूबाई म्हणतात, "टोंगळा दुखून राहिला." शेजारच्या काकूंची 'वाटी बदलली' आणि कबड्डी खेळताना दिरांची 'गादी फाटली'. टोंगळा म्हणजे अख्खा गुडघा की नुसती वाटी? आणि वाटी-गादी एकच का?

उत्तर

ताई, टोंगळा म्हणजे अख्खा गुडघा. आपल्याकडे पावसाळ्यात टोंगळाभर चिखल होतो, लहान पोरांचे टोंगळे फुटतात. संस्कृतात तोच जानु. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो.

वाटीबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण मी फिजिओथेरपी करते आणि या शब्दाचा घोळ रोज ऐकते. पाय लांब करून, मांडी सैल सोडून बसा. गुडघ्यावरचं हाड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. हलतं ना? ती वाटी. आता मांडी आवळा; ती जागच्या जागी घट्ट होईल. मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, हे हाड बसलेलं असतं. त्याच्यामुळे कंडरा सांध्यापासून थोडी पुढे राहते आणि पाय सरळ करायला कमी जोर लागतो.

काकूंची 'वाटी बदलली' हे त्यामुळे बरोबर नाही. त्या शस्त्रक्रियेत मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातू बसवतात, मधे खास प्लास्टिकचा थर. वाटी बहुतेक वेळा तिथेच राहते. फार तर तिची मागची बाजू बदलतात. 'टोंगळा बदलला' हेच जास्त खरं. खुब्याची वाटी वेगळी. ती खरंच खोलगट असते आणि खुबा बदलताना तीही बदलतात.

गादी हा शब्द दोन वस्तूंना लावतात. एक म्हणजे मेनिस्कस : चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. दुसरी म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तरुण खेळाडूची गादी 'फाटली' म्हणतात तेव्हा बहुधा मेनिस्कस असतो, आजीची 'झिजली' म्हणतात तेव्हा कूर्चा. मणक्यातही गादी असतेच, म्हणून कुठली ते सांगावं.

पुन्हा विचारणा

दीर म्हणतात, पाय रोवून वळलो, खट्ट आवाज आला आणि तासा-दोन तासांत टोंगळा सुजला. कोणी म्हणतं शीर तुटली.

उत्तर

शीर नव्हे. वर्णनावरून लिगामेंट वाटतं, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, पुस्तकी मराठीत अस्थिबंध. पाय जमिनीत घट्ट आणि अंग वळलं, की सांध्याच्या आतला पुढचा अस्थिबंध असाच तुटतो. त्याच झटक्यात गादीही फाटू शकते, तेव्हा दोन्ही तपासून घ्या. शीर किंवा नस म्हटलं की घरचे चोळायला बसतात, आणि ताज्या सुजेवर चोळणं वाईट. हाडवैद्याकडे नेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा आणि दोन गोष्टी नीट सांगा : चालताना टोंगळा मधेच 'सटकतो' का, आणि वाकवल्यावर अडकून सरळच होत नाही असं होतं का. पहिलं असेल तर संशय लिगामेंटवर, दुसरं असेल तर गादीचा तुकडा मधे अडकलेला असू शकतो आणि मग थांबून चालत नाही.