एअर सस्पेन्शनवाली जुनी सेडान रात्रीत खाली बसते, घ्यावी का?

प्रश्न: १२ वर्षं जुनी, १,१०,००० किमी चाललेली जर्मन लक्झरी सेडान बघतोय. रात्रभर उभी राहिली की पुढची डावी बाजू बसते. मालक म्हणतो, नुसता सेन्सर आहे. पटण्यासारखं आहे का?

उत्तर १: नाही. ही हवागळती. गाडी उंच सेटिंगवर ठेवून एअर स्ट्रटच्या (चाकापाशी स्प्रिंगऐवजी असणाऱ्या, हवा भरलेल्या आधाराच्या) रबराच्या घडीवर आणि पाइपच्या जोडावर साबणपाणी फवारा, बुडबुडे दिसतील. रबर बहुधा घडीपाशीच चिरतं. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर (हवा भरणारा पंप) जास्त वेळ चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. कॉम्प्रेसर बदललात तर रिलेही (त्याला वीज देणारा स्विच) नवा टाका. जुना रिले चालू स्थितीतच चिकटला तर नवा कॉम्प्रेसरही जाईल.

उत्तर २: घेण्याआधी गिअरबॉक्सचंही बघा. तो झेडएफ या जर्मन कंपनीचा असेल तर त्यातलं ऑइल कधी बदललं ते विचारा. ‘लाइफटाइम ऑइल’, म्हणजे कधीच बदलावं न लागणारं, असं म्हणतात, पण झेडएफ स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते. बऱ्याच मॉडेलांत फिल्टर गिअरबॉक्सखालच्या प्लास्टिकच्या ऑइल पॅनमध्येच असतो, म्हणजे अख्खा पॅन बदलायचा. ऑइलची पातळी इंजिन चालू ठेवूनच तपासायची.

उत्तर ३: दुसऱ्या बाजूचा स्ट्रटही तेवढाच जुना. भाव करताना दोन्ही धरा.